चौथ्या गाळ्यातले बावीस बोल्ट

कसबा पेठ, पुणे
सोमवार, ९ जून

प्रिय रणजित,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलं गेलंय, हुरळून जाऊ नकोस. शाळेतल्या बाकावरून तुला पाठवलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर तेच लिहीत आलो, हात आपोआप वळला. पत्र लिहायची हौस मला अजिबात नाही. पण तू फोन उचलत नाहीस. नऊ वेळा लावला. दहाव्यांदा अख्तरबानूच्या फोनवरून लावला तेव्हा उचललास, माझा आवाज ऐकलास आणि 'हॅलो, हॅलो, नेटवर्क नाही' म्हणून ठेवून दिलास. कोथरूडमध्ये नेटवर्क नाही! मग शनिवारी दोन बस बदलून तुझ्या सोसायटीत आलो. गेटवरच्या माणसानं माझं नाव विचारलं, फोटो काढला, मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि साहेब घरी नाहीत असं सांगितलं. साहेब त्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभे राहून कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी हात केला. साहेबांनी झारी कठड्यावर ठेवली आणि आत गेले. गेटवरचा माणूस बिचारा खाली बघत बसला. मला त्याचीच लाज वाटली. म्हणून हे पत्र. हे मी तुझ्या लेकीच्या, शेफालीच्या हातात देणार आहे, तिच्या शनिवार पेठेतल्या दवाखान्यात. माझी कवळी तिनंच बसवलीय, उद्या दाखवायला जायचंच आहे. पाकीट चिकटवलेलं असेल. ती फोडणार नाही, त्या बाबतीत ती तुझ्यावर गेलेली नाही.

आपल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर तू जे लिहिलंस ते मी जपून ठेवलंय. 'हल्लीच्या मुलांना पुलावर वाकून बघायचा कंटाळा आहे. आमच्या वेळी असं नव्हतं.' आणि खाली हात जोडल्याचं चित्र. चौदा जणांनी अंगठे दाखवले. अरे, वाकून बघायचा कंटाळा! तू हे लिहावंस? बोटं कापली नाहीत तुझी? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. वाचलं तेव्हा मी जेवत होतो. ताट सरकवून उठलो. अख्तरबानूनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो. वड्याचं तेल वांग्यावर. तो हिशेब मला चुकता करायचा आहे, आणि तो तुझ्याशीच करायचा आहे.

त्याच ग्रुपवर तू 'संबंधित महिला कर्मचारी' असंही लिहिलंयस. संबंधित! ती शालू आहे रे. आपल्या बजरंगची शालू. तू तिच्या बारशाला आला होतास, मटणाच्या पंगतीत तीनदा रस्सा मागून घेतला होतास. बजरंग गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आज सहा वर्षं झाली, रोज सकाळी खांद्यावर हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन आठ किलोमीटर रूळ चालते. सेफ्टी शूज दोन नंबर मोठे, कारण बायकांच्या मापाचे येतच नाहीत म्हणे; पुढे चिंध्या कोंबते आणि चालते. नदीवरच्या आपल्या नऊ गाळ्यांच्या पुलावर ती चालताना मी बघितलंय. आपण तिथं खाली पाण्याकडे बघायचो नाही. ती बघते. एका पायावर तोल धरून रुळांखालच्या स्लीपरच्या फटीतून खाली डोकावते. बापाची सवय. गेल्या महिन्यात भर उन्हात मालगाडी पूल ओलांडून गेली आणि शालूला दिसलं की चौथ्या गाळ्यातले स्लीपर दोन बोटं बाजूला सरकलेत. पॅसेंजर यायला दहा मिनिटं होती. पोरगी लाल झेंडी घेऊन, ते दोन नंबर मोठे बूट घालून अर्धा किलोमीटर पळाली आणि गाडी थांबवली. गाडीत सातशे माणसं होती. त्यांतल्या एकालाही तिचं नाव माहीत नाही. आणि जिनं गाडी थांबवली तिलाच निलंबित केलं.

आरोप काय, तर चौथ्या गाळ्यातले बावीस हुक बोल्ट चुकीचे बसलेले होते, ते तिला दिसले नाहीत. आणि दुसरा आरोप, जो ऐकून माझं डोकंच फिरलं, की आपली हयगय लपवायला तिनं त्या बोल्टच्या डोक्यावर खोट्या खाचा पाडल्या. येत्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता चौकशीची शेवटची बैठक आहे. त्या दिवशी ती बोलली नाही, तर नोकरी जाणार. नोकरी गेली की क्वार्टर जाणार, आई गुडघ्यानं अधू आहे ती जाणार कुठं? आणि ही मुलगी बोलत नाही, रणजित. दोन बैठका झाल्या, 'मला काही सांगायचं नाही' एवढंच म्हणते. तेजस, तो सध्याचा सुपरवायझर, वाईट नाही, घाबरट आहे. शालूनं तिच्या डायरीत तीनदा लिहिलं होतं की चौथ्या गाळ्यात हातोड्याचा आवाज बद्द येतो. तेजसनं वाचून सही केली आणि पुढे काही केलं नाही, कारण वरून बघता खाचा बरोबर दिसत होत्या. आता डायरीच मिळत नाही म्हणतो. ते बावीस बोल्ट काढल्या काढल्या कुणीतरी उत्साहानं तारेच्या ब्रशनं घासून लखलखीत करून टेबलावर मांडले, म्हणजे खाचा नीट मोजता येतील! गंज घासून टाकल्यावर खाच सहा महिन्यांची की सोळा वर्षांची, कोण सांगणार?

सोळा वर्षं लिहिलं. वाचून पाणी प्यायला उठला असशील. बस खाली. कॉलेजात पोरांना सुरक्षिततेवर भाषणं देता देता मूळ काम विसरला असशील, म्हणून पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगतो. गर्डरच्या पुलावर खडी नसते, स्लीपर थेट लोखंडावर बसतो. तो सरकू नये म्हणून त्यातून बोल्ट खाली सोडायचा. त्याचं खालचं टोक आकड्यासारखं वळलेलं असतं, ते गर्डरच्या पट्टीखाली घालायचं आणि वरून आवळायचं. वर उभ्या असलेल्या माणसाला तो आकडा दिसत नाही. म्हणून बोल्टच्या डोक्यावर खाच असते, आकडा ज्या दिशेला त्याच दिशेला. खाच रुळाला काटकोनात दिसली, म्हणजे खाली आकड्यानं गर्डर धरलाय. रुळाच्या दिशेनं दिसली, म्हणजे आकडा हवेत लोंबतोय. एवढी साधी गोष्ट. तपासणीच्या ट्रॉलीवर बसून रुळावरून जाणाऱ्या साहेबाला उतरायलाही नको. खाच खोटी असू शकते, हे त्या साहेबाच्या स्वप्नातही येत नाही, कारण पुलावर असं करायला माणूस किती हलकट लागेल!

फेब्रुवारी २००९ आठवतोय? जुने लाकडी स्लीपर काढून लोखंडी घालायचे होते. नव्या बोल्टची लांबी किती हवी याचं माप तू घेतलंस आणि ड्रॉइंगवर सही तुझी. माप तू घेतलंस कुठं? गाळ्याच्या टोकाला, खांबाजवळ, जिथं दोन पाय टेकून उभं राहता येतं. मधल्या भागात गर्डरवर जादा पत्रा जडवलेला असतो, तिथं पट्टी इंचभर जाड होते, हे तुला शिकवलेलं होतं. पण तिथं जायचं म्हणजे पाण्यावर ओणवं व्हायचं. तुला ते आयुष्यात जमलं नाही. उंटावरून शेळ्या हाकल्यास आणि माप सगळीकडे सारखंच धरलंस. बोल्ट आले तेव्हा इतर गाळ्यांत बजरंगनं वाकून, कसंबसं, स्टोअरमधले जुने लांब बोल्ट शोधून निभावलं. चौथ्या गाळ्यापाशी जुने संपले. बावीस बोल्ट आखूड. आकडा पट्टीखाली जाईचना. पूल बंद ठेवायला मिळालेले चार तास, त्यातले साडेतीन गेलेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांची ट्रॉली, ज्यांच्या एका शेऱ्यावर तुझी बढती अडकलेली.

बजरंग तुझ्यापुढे उभा राहिला ते मला अजून दिसतं. घामानं निथळलेला, हातात लोखंडावर खूण ठोकायचा त्याचा तो पंच. 'साहेब, ह्यो आकडा बसलाच न्हाय. लांब बोल्ट आल्याबिगर पूल चालू करायचा न्हाय. करायचाच आसंल तर गाडी बैलगाडीच्या चालीनं सोडा आन् तसं लिवून द्या.' बरोबर बोलत होता. वेगाची मर्यादा घालून, कारण लिहून, महिनाभरात लांब बोल्ट मागवून प्रकरण मिटलं असतं. फक्त माप चुकल्याचं लिहावं लागलं असतं, आणि खाली तुझं नाव. तेवढ्यासाठी तू त्याला काय म्हणालास ते मी इथं लिहीत नाही, शेफाली मध्येच फोडून वाचेल की काय अशी भीती एवढ्याच वाक्यासाठी वाटते. मग म्हणालास, आकडे रुळाच्या दिशेनं फिरवून आवळ, आणि करवत काढ. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली गेली. बावीसच्या बावीस खाचा रुळाला काटकोनात. खऱ्या खाचेत ग्रीस आणि रंग भरलेला, शेजारी नवी खाच पाडलेली. मोठे साहेब 'व्हेरी नीट' म्हणाले. तुझी बढती झाली. बजरंगची महिन्याभरात दुसऱ्या गँगमध्ये बदली झाली, पूल त्याच्या हद्दीतून गेला. तू केलीस. मी त्या गँगचा मुकादम, माझ्याच समोर कागद आला, मी एक शब्द बोललो नाही.

तू म्हणशील, पुढे बारा वर्षं तूच तिथं मुकादम होतास, मग का नाही बदललेस? विचार ना! मी स्वतःला रोज विचारतो. दोनदा नव्या साहेबांकडे लांब बोल्ट मागितले. पहिल्यानं विचारलं, खाचा बरोबर आहेत ना? आहेत. मग कशाला हवेत? काय सांगू? खाचा खोट्या आहेत असं सांगितल्याशिवाय खरे बोल्ट मिळत नव्हते. पुलाची वेगळी माणसं वर्षातून एकदा खालून गर्डर बघायला यायची. त्यांना विचारलं, तर गर्डर आमचा, स्लीपर तुमचे. आणि बोल्ट? त्यावर ते हसले आणि चहा मागवला. मग मीही सवयीनं जगायला शिकलो. आजूबाजूचे बोल्ट घट्ट आहेत, बावीस न धरलेल्या बोल्टनी काय होतंय, असं म्हणत राहिलो. दर उन्हाळ्यात रूळ तापायला लागले की चौथ्या गाळ्यावर उगाच दोन फेऱ्या जास्त मारायचो, पहिला गारवा आला की विसरायचो. निवृत्त झालो त्या दिवशी हार गळ्यात असताना मनात एकच आलं, की सुटलो. बघ, मी पण काही कमी नाही. तू पळून गेलास, मी तिथंच उभा राहून पळालो.

आणि हे ऐक. तेजसनं आता त्या गाळ्यासाठी नवे बोल्ट मागवलेत. माप कुठून घेतलंय माहीत आहे? तुझ्या २००९च्या ड्रॉइंगवरून. सही आहे, शिक्का आहे, कोण कशाला पाण्यावर ओणवं होतंय? तेच आखूड बोल्ट परत येणार आहेत, रणजित. त्याला मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, काका, ड्रॉइंग चुकलंय असं लेखी कोण देणार? मी मुकादम, दहावी पास. माझ्या शब्दावर ड्रॉइंग बदलत नाही. ज्यानं काढलं त्यानं म्हणायला हवं.

आता शालू गप्प का, ते. हे तुला माहीत नाही, आणि हे वाचून तरी तुला घाम फुटावा अशी माझी इच्छा आहे. शुक्रवारी नमाजहून आलो तर ती घरी बसली होती. अख्तरबानूनं खिमा-पाव पुढे केला होता, तिनं हात लावला नव्हता. तिनं मोबाइल काढला आणि मला एक फोटो दाखवला. घासलेल्या बोल्टचं डोकं, त्यावर खोटी खाच, आणि खाचेशेजारी पंचानं ठोकलेली दोन टिंबं. बावीसही बोल्टवर तशीच दोन टिंबं. चौकशीवाल्यांना ती कारखान्याची खूण वाटली. शालूला नाही वाटली. तिनं पिशवीतून बजरंगचा पंच काढला, फडक्यात गुंडाळून ठेवलाय तिनं, त्याचं टोक एका बाजूला झिजलंय, आणि त्याचं टिंब वाटोळं न पडता तांदळाच्या दाण्यासारखं पडतं. फोटोतली टिंबं तशीच. मला म्हणाली, 'चाचा, आबांचाच पंच ना हा?' एवढंच विचारलं. खाच कुणी पाडली हे विचारलंच नाही, ते तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. बापाच्या खुणेशेजारी खोटी खाच. चौकशीत तोंड उघडलं तर बापाचं नाव निघेल, मेलेल्या माणसावर ठपका येईल. त्यापेक्षा आपली नोकरी गेलेली बरी, म्हणून ती गप्प आहे. पंचवीस वर्षांची पोर! तिच्या मनात काय चाललंय हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं, आणि तरी मी काय म्हणालो असेन? म्हणालो, चष्मा सापडत नाहीये बेटा, मोबाइलमध्ये नीट दिसत नाही. चष्मा माझ्या कपाळावर होता. तिनं तो बघितला, मान हलवली, पंच पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि गेली. तिला वाटलं, चाचांनी 'हो'च म्हटलंय, फक्त बोलून दाखवलं नाही. दार लागल्यावर अख्तरबानू माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, तसं तिनं चाळीस वर्षांच्या संसारात कधी बघितलं नव्हतं.

दोन टिंबांचा अर्थ तुला माहीत आहे आणि मला. बजरंग मनाजोगता बसलेल्या बोल्टवर एक टिंब ठोकायचा. दोन ठोकली म्हणजे काम अपुरं, परत यायचं. त्या दिवशी तू शिव्या देत होतास तेव्हा तो खाली बसून एकेका बोल्टवर दोन टिंबं ठोकत होता, बावीसच्या बावीस, म्हणजे कुणी विसरू नये. ती लबाडीची खूण नाहीच, लबाडी होऊ नये म्हणून केलेली नोंद आहे. त्या चौकशीच्या टेबलावर शालूला वाचवणारा पुरावा मांडून ठेवलाय, आणि तिला तोच बापाचा गुन्हा वाटतोय.

वर त्या दिवसाचं लिहिताना मी एक गोष्ट गाळली. तुझ्यावर चिडून लिहीत सुटलो होतो, त्यात ती सोयीस्कर निसटली. बजरंगनं करवत काढली नाही. तू दोनदा सांगितलंस, त्यानं दोनदा न्हाय म्हणून मान हलवली. मग तू त्याला झेंडी देऊन पुलाच्या टोकाला पाठवलंस. त्याची पिशवी तिथंच राहिली. तू माझ्याकडे बघितलंस आणि लोकांसमोर कधी हाक मारायचा नाहीस त्या नावानं हाक मारलीस. इम्त्या, म्हणालास, आठ दिवसांचा प्रश्न आहे रे. त्या बावीस खाचा मी पाडल्या. बजरंगच्या पिशवीतून बजरंगची करवत काढून, माझ्या ह्या हातांनी. बजरंग झेंडी धरून दूरवर उभा राहून बघत होता. दोन महिने तो माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस मी त्याला खोटंच सांगितलं, की लांब बोल्ट आले, बसवले. तो त्या दिवशी केवढा खूश झाला! जिलबी घेऊन घरी आला. नऊ वर्षांनी कावीळ होऊन दवाखान्यात पडला होता, डोळे हळदीसारखे, शेवटच्या दिवशी माझा हात धरून विचारलं, चौथा गाळा बघतोस ना रं? मी म्हणालो, बघतो की. एकदम पक्का आहे. त्यावर त्यानं डोळे मिटले. तुला वाटत असेल इम्तियाज आपल्यावर एवढा का पेटलाय. निम्मा राग तुझ्यावर आहे, निम्मा ह्या हातांवर, आणि दोन्ही एकाच वेळी बाहेर पडतायत, त्याला माझा इलाज नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. गुरुवारी मी जाणार आहेच आणि सगळं सांगणार आहे, माझ्या पेन्शनचं काय व्हायचं ते होवो. तुझी परवानगी मागायला मी लिहीत नाहीये. पण आज सकाळी अख्तरबानूला सगळं सांगितलं, सोळा वर्षांत पहिल्यांदा. मग म्हणाली, तुम्ही एकटे गेलात तर शालू विश्वास ठेवणार नाही. तिला वाटेल, चाचा म्हातारपणी आबांचा दोष स्वतःच्या अंगावर घेतायत. शुक्रवारी तुम्ही चष्मा लपवलात, आता तुमचं कोण खरं मानणार? बरोबर आहे तिचं. साहेब लोक मला खरं धरतील, नोकरी वाचेलही, पण ती पोरगी जन्मभर समजत राहील की खाच तिच्या बापानं पाडली आणि चाचांनी झाकलं. बजरंग नाही म्हणाला होता, हे ऐकलेली माणसं दोनच शिल्लक आहेत. तू सांगितलंस तर ती मानेल, कारण तुला स्वतःचं नुकसान करून खोटं बोलायचं काहीच कारण नाही, हे तिलाही कळतं. आणि माप चुकलं होतं हे तू लिहून दिलंस तर ते आखूड बोल्ट परत जातील. मी एकट्यानं ह्यातलं काहीच होत नाही, म्हणून तुझ्या पायऱ्या झिजवतोय, नाहीतर तुझं तोंड बघायची मला इच्छा नव्हती. गुरुवारी सव्वानऊला रिक्षा घेऊन तुझ्या गेटवर येतो. त्या माणसाला माझं नाव मोबाइलमध्ये घालू दे, फोटो काढू दे. मी दहा मिनिटं थांबेन. बाल्कनीत येऊ नकोस, खाली ये.

तुझाच (खोडणार होतो, राहू दे),
इम्तियाज